तिसरा दिवा

काकांच्या पिकअपचे मागचे दोन्ही दिवे कायम चिखलाने माखलेले असतात. गेल्या महिन्यात एक दुचाकीवाला मागून धडकला आणि त्याचा पाय मोडला. म्हणून आज केबिनच्या मागे, वर, वायरमनकडून तिसरा ब्रेक लाइट बसवून घेतला. काकांनी ब्रेक दाबताच भर उन्हातही तो लख्ख पेटला. स्कूटीवर बसल्या बसल्या मला हायसं वाटलं.

मग काकांनी त्यावर काळं स्टिकर चिकटवायला लावलं. उजेडाला वाट फक्त त्यात कोरलेल्या काकांच्या नावातून: अण्णासाहेब.

"काका, दिवा झाकला ना," मी कसंबसं म्हटलं.

"अगं, नाव पेटतंय बघ की. मागच्याला कळू दे, गाडी कुणाची आहे ते."

वायरमन हसला. "ताई इंग्लिश मीडियमच्या, अण्णा. त्यांना नाही पटायचं."

मला शिसारी आली. देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवरही देणगीदारांची नावं असतात, पण ते पंखे निदान वारा तरी देतात. इथे दुसऱ्याच्या जिवासाठी बसवलेला दिवाही आम्हाला स्वतःसाठीच हवा.

मी स्कूटी सुरू केली. घरी जाताना त्यांच्या मागेच होते. वळणावर काळ्या पट्टीत काहीतरी मंद लाल झालं. मी आधी नाव वाचलं, मग करकचून ब्रेक दाबला.