सातव्या महिन्यातली दुपटी

शेजारच्या अंगणातून ओव्याच्या धुरीचा वास आला, कुणा बाळंतिणीला शेक चालला असणार, आणि मला माझ्या सातव्या महिन्यातली ती दुपार आठवली. मी दिघोरीला माहेरी आले होते. आईने बाज कसून घेतली होती आणि जुनं लुगडं फाडून ती दुपटी शिवत बसली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात विचारायचं काय? तेवढ्यात परदेशातून नवऱ्याचा फोन आला. व्हिसा झालाय, आठ दिवसांत निघ, मूल इकडे जन्मलं तर त्याला इकडचा पासपोर्ट मिळेल. आईने सुई थांबवली. "तिथं तुले शेकन कोन? लेकराच्या अंगाले तेल कोन लावन?" मी फटकन म्हणाले, "तिथं मोठा दवाखाना हाये, आई. तुले नाही समजत त्यातलं." अर्धवट शिवलेली दुपटी घडी करून तिने पेटीत तळाशी ठेवली. परवा आई गेली. मी मिळेल त्या विमानाने एकटीच आले. ज्या पासपोर्टासाठी मी आईला अडाणी ठरवलं, तोच हातात धरून माझी लेक तिकडे बसली आहे, आजीच्या दारात यायला इथल्या व्हिसाची वाट बघत.