गोजराबाईंच्या पंगतीतली मिठाची वाटी

बोईसरजवळच्या सरावलीत गोजराबाईंच्या खानावळीत बसलं की ताटाआधी मिठाची वाटी यायची. नव्या माणसाला वाटायचं, वा, काय थाट! पहिल्या घासाला कारण कळायचं. आमटी एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी समुद्र. अळणी दिवसासाठी वाटी होती, खारट दिवसासाठी पाण्याचा तांब्या. बाई स्वयंपाक चाखतच नसत.

मी तिथे कित्येक वर्षं जेवतो. जिभेला आवडतं म्हणून कमी, मला स्वतःला चहापलीकडे काही येत नाही म्हणून जास्त. तेव्हा मला सगळं ठाऊक आहे. जालन्याहून नवऱ्यामागे बोईसरला आल्या तेव्हा बाईंना टीबी झाला होता, तोही साध्या गोळ्यांना दाद न देणारा. दोन वर्षं औषधं, त्यात कितीतरी महिने रोज सुई. टीबी गेला, पण सुयांनी डावा कान नेला. भीती मात्र घरजावयासारखी मुक्काम ठोकून राहिली. बाईंचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि आमटीचा थेंब कधी जिभेला लागायचा नाही. उष्ट्यानं टीबी होत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, सुनेनं सांगितलं, मी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या हिवाळ्यात पंगतीतल्या चंद्रभानला खोकला लागला. तो रात्रपाळीचा, सकाळी जेवणारा. निघाला टीबी. त्याच्यामागून विपुलला तेच. विपुल जव्हारकडचा, दिवसपाळीचा, रात्री जेवणारा. लोकांनी लगेच तर्क लढवला. दोघांचा कारखाना वेगळा, पाळी वेगळी, पंगत वेगळी, मग दोघांत सामाईक काय? गोजराबाईंचा हात! कोणीतरी त्यांचं जुनं दुखणं उकरून काढलं आणि पंगत ओसरू लागली. "मावशी, गावी चाललो" म्हणून गेलेले महाभाग मला संध्याकाळी पुढच्याच गल्लीत पावभाजी हाणताना दिसायचे. असा संताप यायचा! मी मुद्दाम दोन्ही वेळा जाऊन बसायचो आणि कितीही खारट असली तरी आमटी पुन्हा मागायचो.

पण खानावळ बसते आहे याचं बाईंना तितकं वाटत नव्हतं. त्यांनी नातीला घेणं सोडलं होतं. स्वरा नुकती रांगायला लागली होती. आजी दिसली की हात पसरायची, आणि आजी तोंडावर पदर दाबून मागे सरकायची. सून प्रियंका रडकुंडीला आली होती.

"भाऊ, मह्याच छातीत दडून बसलं व्हतं ते," बाई मला म्हणाल्या. "दोन लेकरं आजारी पाडली म्या. आता ही तिसरी नको."

टीबीच्या सरकारी कामावरची तेजल पाम गावाहून स्कूटीनं यायची. तिनं बाईंचा बेडका तपासून घेतला, छातीचा फोटो काढवला. दोन्ही स्वच्छ. बाईंना तरी पटेना.

"मग आता जंतूलाच विचारू," तेजल म्हणाली. "दोघांचे नमुने मुंबईला गेलेत. तिथं जंतूची जनुकं अथपासून इतिपर्यंत वाचतात. माणसाची भाऊबंदकी असते ना मावशी, तशी जंतूची पण हाय. कोण कोणाचा, ते लपत नाय."

निकाल आला त्या दुपारी तेजल आठवणीनं बाईंच्या उजव्या कानाशी बसली. चंद्रभान आणि विपुल आपणहून आले होते. औषधानं खोकला थांबला होता, तरी मास्क लावून दाराबाहेर उभे राहिले.

"दोघांचा जंतू एकच हाय," तेजल म्हणाली.

"झालं," म्हणत बाई भिंतीला टेकल्या.

"पुरतं ऐका तरी! तुमचा जंतू साध्या गोळ्यांना मरत नव्हता. ती खोड त्याच्या जनुकांत असते, पुढं पोरांनातवंडांत उतरते. ह्यांच्या जंतूत ती कुठंच नाय. वाघाच्या पोटी ससा होतो काय? हा तुमचा नाय, मावशी."

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो दारातल्या पोरांसाठी. "सुया टोचाव्या लागतील का गं ह्यांना?"

"एक पण नाय. सहा महिने गोळ्या, बस."

"मग आला कुठून हा?" मी विचारलं. तेजलनं दोघांना राहण्याचा पत्ता विचारला, कारण दोघांनीही लिहून देताना आपापल्या कंपनीचा दिला होता.

"आमी एकाच खोलीत हाय," विपुल म्हणाला. "पण गाठ दारातच पडते. हा येतो नि मी जातो."

एकाची गादी गार व्हायच्या आत दुसरा तिच्यावर! आम्ही खोलीवर गेलो. रात्रपाळीवाल्यांना दिवसा झोपायला अंधार हवा, म्हणून एकुलती एक खिडकी पुठ्ठे आणि चिकटपट्टी लावून पार लिंपून टाकली होती. एकानं खोकायचं आणि ती हवा दुसऱ्यासाठी जपून ठेवायची. मी ते पुठ्ठे ओरबाडून काढले, आणि हात काळे झाले तरी मला फार बरं वाटलं. चंद्रभानला तो जंतू आधी कुठे लागला ते नाही कळलं. खोलीतल्या बाकीच्यांना तेजलनं तपासणीला पिटाळलं, आणि सुदैवानं ते सगळे ठणठणीत निघाले.

परत आलो तेव्हा बाई चुलीपाशी होत्या आणि कडेवर स्वरा होती. ती आजीचा कान ओढत होती, बहिरा तोच. बाईंचे डोळे रडून सुजले होते. आम्ही पानावर बसलो. बाईंनी पळीतली आमटी तळहातावर घेतली, क्षणभर थांबल्या आणि चाटली.

"अगं बाई! ही आमटी हाय का काय? आन् मेल्यांनो, इतकी वर्सं मुकाट गिळत व्हता? एकानं तरी सांगू नये?"

मी समोरची मिठाची वाटी उचलून आत ठेवायला प्रियंकाकडे दिली आणि ताट पुढे केलं.