कबरीवरचा खडा

म्हाताऱ्याने मला पहिल्याच दिवशी मारलं. मी पेज भरवत होते, तर त्याने वाडगा हिसकला आणि माझ्या कानशिलावर हाणला. मी काही गरीब गाय नव्हे. "मेल्या, पुन्हा हात उगारलास तर उपाशी ठेवीन," असं मराठीतच ओरडले. शब्द त्याला कळले नाहीत, सूर कळला. उरलेली पेज त्याने मुकाट्याने खाल्ली.

टोरांटोजवळच्या व्हिटबीत त्याच्या मुलीच्या घरी मी केअरगिव्हर होते. म्हातारा चिनी, सत्तरीला टेकलेला. डावं अंग स्ट्रोकने लुळं पडलेलं, पण उजव्या हातात काठी आणि दोन माणसांचं बळ. थोड्याच दिवसांत तो माझ्या मनगटाला कडकडून चावला, टीव्ही फोडला, फिजिओथेरपीवाल्या बाईच्या नाकातून रक्त काढलं. माझा नवरा म्हणे, "अगं, क्विट कर ना! नर्सिंग होममध्ये अप्लाय कर, तिथे मार वाटून घ्यायला चार जणी तरी असतील." तो असं म्हणाला की मी हटकून हट्टाला पेटायची.

मुलगी सांगायची, बाबा पूर्वी असे नव्हते. बीजिंगबाहेरच्या डोंगरांत सम्राटांच्या कबरी आहेत, त्यांच्या राखणदारांचं हे घराणं. झाडलोट, पहारा, पूजेची तयारी, सगळं पिढ्यान्‌पिढ्या यांच्याकडे. तिचे आजोबा दंगलीच्या काळात कबर राखता राखता मेले, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. त्यांचा फोटो बैठकीच्या खोलीत होता. कुणीही आलं की ती तो दाखवायची. म्हातारा मात्र त्या फोटोकडे पाठ करून बसायचा.

भांडण एकाच गोष्टीवरून होतं. मुलीने तळ्याजवळच्या सिमेट्रीत बाबांसाठी जागा घेऊन ठेवली होती, ग्रॅनाइटसुद्धा पसंत केला होता. म्हाताऱ्याला कबर नको होती. "बर्न," तो म्हणायचा. "बर्न. थ्रो." तिने विषय काढला की काठी फिरायची. एकदा तिच्या करंगळीचं हाड मोडलं. हात बर्फात धरून ती रडत मला म्हणाली, "राखणदारांच्या घरातला माणूस बिनकबरीचा कसा जाईल हो?" मला तिचंच पटत होतं. आम्ही बेने इस्रायल, अलिबागकडचे ज्यू. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. मग भेटायला गेलं की थडग्यावर एक खडा ठेवायचा, येऊन गेलो एवढं सांगायला.

त्या हिवाळ्यात तिने आम्हाला टोरांटोच्या एका म्युझियममध्ये नेलं. तिथे जुन्या चिनी सरदाराची कबर आणून मांडली आहे: दगडी कमान, दगडी उंट, नैवेद्याचं दगडी टेबल. सम्राटाची नव्हे, पण थाट तोच. गावाकडचं काही दिसलं तर बाबा निवळतील, असं तिला वाटलं होतं. रस्त्यावर देशाच्या दीडशेव्या वाढदिवसाची लाल-पांढरी पोस्टरं अजून लटकत होती. म्हातारा व्हीलचेअरमध्ये अगदी गप्प बसला होता, आणि मी मनात म्हटलं, चला, आजचा दिवस सुटला.

माझ्या बुटाच्या तळव्यात रस्त्यावरचा एक खडा अडकला होता, चालताना टकटक वाजत होता. मी तो उपटून काढला. समोर कबर आणि हातात खडा, हात सवयीने पुढे गेला. कमानीपुढच्या कट्ट्यावर मी तो ठेवला.

काठी थेट तोंडावर बसली. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा पुन्हा तोंडावर. पुढचा दात तुटून जिभेवर आला. म्हातारा खुर्चीतून अर्धा उठून चिनी भाषेत किंचाळत होता, आणि त्याच्या कोटावर माझं रक्त उडालं होतं. गार्डने काठी हिसकून घेतली. मुलगी हात जोडून सगळ्यांची माफी मागत सुटली, मग गाडी दाराशी आणायला धावली.

मी तोंडात नॅपकिनचा बोळा कोंबून त्याच्याशेजारी बाकावर बसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "का मारलंस?" मी विचारलं.

"तू दगड मारलास."

"मारला नाही रे, ठेवला! आमच्यात मेलेल्या माणसाला मान देतात तसा."

त्याने कट्ट्यावरच्या खड्याकडे बघितलं. मग मोडक्या इंग्रजीत बोलायला लागला. इतकं सलग बोललेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा तो शाळकरी होता. जुनं ते सगळं फोडा, असं वारं देशभर सुटलं होतं. सम्राटाची कबर सरकारने आधीच उघडलेली होती. दंडाला लाल पट्ट्या बांधून पोरं आली. त्यांनी सम्राटाची आणि त्याच्या दोन राण्यांची हाडं बाहेर अंगणात आणून टाकली. दारात आडवा आला म्हणून याच्या बापाच्या गळ्यात पाटी अडकवून त्याला मान खाली घालून उभं केलं. सगळ्यांच्या हातांत दगड होते. याला म्हणाले, तू राखणदाराचा मुलगा, पहिला दगड तू मार. याने मारला. सम्राटाची कवटी फुटली. मग सगळे तुटून पडले आणि शेवटी आग लावली.

"हाडं संपली," म्हातारा म्हणाला. "दगड उरले."

मी नॅपकिन तोंडातून काढला.

"सगळे बापाकडे वळले. मग माझ्याकडे बघायला लागले. पुन्हा पहिला मीच मारला. बापाने वर बघितलं, कोण ते. मग मान पुन्हा खाली घातली. दगडांनीच मेला. त्याच आगीत टाकला. नंतर पाऊस आला, राख वाहून गेली. त्याला कबर नाही. मला नको. तू तिला सांग. हे सांगू नको."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मला त्याची किळस आली, आणि त्याचा लुळा हात मांडीवरून घसरला तेव्हा मी तो उचलून परत जागेवर ठेवला.

बर्फ वितळता वितळता दुसरा स्ट्रोक आला आणि तो गेला. मी मुलीला सांगितलं, त्यांना जाळ, त्यांची तीच इच्छा होती. ती म्हणाली, बाबा आजारी होते, त्यांना काही समजत नव्हतं. मी टेबलावर हात आपटला, बशी खाली पडून फुटली. "सगळं समजत होतं त्यांना!"

"मग का? मला एक कारण सांगा."

तिच्या मागे भिंतीवर आजोबांचा फोटो होता. जन्मभर उचलली जीभ लावली टाळ्याला असं वागलेली मी, त्या दिवशी मूग गिळून बसले.

तिने त्याला पुरलं. दगड बसवला त्या दिवशी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ग्रॅनाइटवर चिनी अक्षरांच्या दोन ओळी होत्या. मी विचारलं, दुसरी ओळ कुणाची?

"आजोबांची. त्यांना कुठेच कबर नाही ना," ती म्हणाली. "आता दोघं एकत्र राहतील."

तिने खिशातून दोन खडे काढले. म्युझियममध्ये मी खडा का ठेवला ते तिने नंतर मला विचारून घेतलं होतं, आणि लक्षात ठेवलं होतं. "तुमच्या हाताने ठेवा. तुम्ही बाबांचा एवढा मार खाल्लात."

एक मी आजोबांच्या नावाखाली ठेवला. दुसरा मुठीत तसाच राहिला. जीभ पुन्हा पुन्हा तुटक्या दाताच्या जागी जात होती.

"हा बाबांसाठी," ती म्हणाली. "ठेवा ना."

मी तो खडा तिच्या तळहातावर परत दिला.

"तूच ठेव," मी म्हटलं. "हळू ठेव. आवाज करू नकोस."