कापलेली तिसरी वायर

हुबळीच्या देशपांडे नगरात वादिराज विजेच्या शेगड्या दुरुस्त करायचा. जळालेली कॉइल काढायची, नवी ताणून चकतीच्या खाचेत बसवायची, हे त्याचे हात आपसूक करत. बहुतेक घरांत दोन भोकांचंच सॉकेट असे. म्हणून गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी तो अर्थिंगची तिसरी वायर कापून दोन पिनांचा प्लग लावून देई. स्वतःच्या घरीही त्यानं तेच केलं होतं.

१९७८च्या मार्चमध्ये एका सकाळी दूध उतू गेलं. त्याची बायको सीता घाईनं, बटण बंद न करताच, ओल्या हातानं पातेलं उचलायला गेली. सांडलेल्या दुधातून वीज शेगडीच्या पत्र्यात आणि पातेल्यात उतरली होती. शेजाऱ्यांनी मेन बंद केला, वादिराज दुकानातून धावत आला, पण तोवर सीता गेली होती.

तो रडला नाही. दिवसकार्य झालं, माणसं येऊन गेली. कुणी ताट पुढं ठेवलं की तो जेवे, ऊठ म्हटलं की उठे. पंधराव्या दिवशी त्यानं दुकान उघडलं.

विद्यानगरातल्या वेणूबाई मास्तरीण शेगडी घेऊन आल्या. दोन पिनांचाच प्लग लावा, आमच्याकडं तसलंच सॉकेट आहे, म्हणाल्या. वादिराजनं तिसरी वायर बोटांत धरून त्यांच्यापुढं केली.

"अक्का, ही वायर असली की पत्र्यात उतरलेली वीज हिच्यातनं जमिनीत जाते, फ्यूज उडतो. नसली की माणसातनं जाते," तो म्हणाला. मग तसल्याच सपाट आवाजात, "आमच्या घरची मीच कापली होती."

 वेणूबाई म्हणाल्या, "मग आमच्याकडं येऊन नीट करून द्या."

त्या रविवारी तो गेला. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून पाइप पुरला, तीन भोकांचं सॉकेट बसवलं. नंतर जिथं जिथं वायर कापली होती, त्यातली आठवतील ती घरं एकेक करत, अर्थिंग बसवत तो हिंडू लागला. पातेलं ठेवता-उचलताना बटण बंद करा, हात कोरडे ठेवा, पायाखाली लाकडी पाट घ्या, एवढंच सगळीकडं सांगे. काहींनी गॅस घेतला होता. तिथनं तो मान हलवून परते.

दोन वर्षांनी अळणावर गावातलं शेवटचं घर झालं. हे संपलं की आतलं काहीतरी सुटेल, असं त्याला वाटलं होतं. स्टेशनात बाकावर बसून त्यानं वाट पाहिली. काही सुटलं नाही. गाडी आली, तो चढला. दुसऱ्या दिवशी नऊला दुकान उघडलं.