तीस भोकांचा गंधार

माझ्या पेटीचा गंधार उतरलेला आहे, असं उमरखेडात सगळे सांगतात. खरं आहे. तो मीच उतरवलाय, कानशीनं घासून, दिवसाढवळ्या. ज्याला खटकतो त्यानं दुसरा मास्तर शोधावा.

हा गंधार हुस्नाबीचा. हुस्नाबी म्हणजे आमच्या गावातली चाळण्यांवाली. नवरा गेल्यावर तिनं त्याचा हातोडा आणि पत्र्याला भोकं पाडायचा सुंबा उचलला, आणि बाईमाणसानं पत्रा ठोकावा का अशी चर्चा करणाऱ्यांच्याच घरी ज्वारीच्या, तुरीच्या चाळण्या पोचवल्या. अक्षर एक येत नव्हतं, पण मोजणी पक्की. गोलात गोल, प्रत्येक गोलात ठरलेली भोकं. एकही कमी-जास्त नाही.

चकत्यांच्या कडा घासायला तिनं शिलाई मशीनच्या जुन्या सांगाड्यावर चाक बसवलं होतं. पायानं चालवायचं, आणि पत्र्याचा चुरा लहान भात्याच्या वाऱ्यानं उडवायचा. साठ सालच्या उन्हाळ्यात अशीच एक चाळणी चाकावर फिरत असताना तिनं वारा सोडला आणि चाळणी गायला लागली. दुसरं कोणी असतं तर दचकून पाय थांबवला असता. हिनं चाळणी उतरवून भोकं मोजली.

तिला जे कळलं ते मला कळायला वेळ लागला, म्हणून नीट सांगतो. भात्याच्या नळीसमोर भोक आलं की वारा पार जातो, पत्रा आला की अडतो. जातो, अडतो, जातो, अडतो. सेकंदाला दोन-अडीचशे वेळा असं झालं की कानाला तुकडे कळत नाहीत, सूर ऐकू येतो. भोकं जास्त, तर सूर उंच. बस्स, एवढंच. यासाठी तार नको, कातडं नको, नुसती मोजणी हवी.

त्यावर ती सात-आठ महिने बसली. भाता हाणायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरची धनीबाई, म्हणजे माझी सख्खी काकी आणि हुस्नाबीची जिवाची मैत्रीण. काकी गायची, हुस्नाबी चकत्या पाडून पाडून फेकायची. शेवटी परातीएवढ्या एका चकतीवर आठ गोल उभे राहिले. चोवीस भोकांचा सा, सत्तावीसचा रे, तीसचा ग म्हणजे गंधार, आणि असंच चढत अठ्ठेचाळीसचा वरचा सा. प्रत्येक गोलासमोर एक नळी. नळ्यांच्या तोंडावरून पुठ्ठ्याची लांब पट्टी सरकवायची. पट्टीत जिथं भोक, तिथल्याच नळीतून वारा. म्हणजे गाणं आधीच पुठ्ठ्यावर पाडून ठेवलेलं. पट्टी ओढा, गाणं हजर. पहिली पट्टी ढावलोची होती. तांड्यावरची मुलगी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो.

एकसष्टच्या जानेवारीत गावात हातच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. वाद्यांच्या टेबलाचा परीक्षक मी, सेवादास मास्तर, शाळेतला पेटीवाला. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळानं हुस्नाबीचं चाक, सांगाड्यासकट, विळ्या आणि लोणच्याच्या बरण्यांजवळ मांडलं होतं. तिनं ते स्वतः उचलून माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवलं.

"बाई, चाळण्या तिकडं," मी म्हणालो.

"चाळण्या तिकडंच हायेत. हे वाजते."

मी पेटीवर सा दाबला. तिनं पायाचा वेग जुळवत जुळवत दोन्ही सूर एक केले. मग मी गंधार दाबला आणि दोन सुरांची जुंपली. वाँव-वाँव अशी थरथर सुटली.

"तुमचा गंधार उतरलाय."

"तुमची पेटी चढली असन."

लोक हसले. माझे कान तापले. तेवढ्यात भाता हाणता हाणता काकीनं गंधार लावला, आणि तो सरळ चाकाच्या सुरात जाऊन मिळाला. मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि याची लाज मला आजही वाटते. पेटीच्या कुठल्याही काळ्या-पांढऱ्या पट्टीतून सा धरता यावा म्हणून कारखान्यात तिचा प्रत्येक सूर जरा इकडंतिकडं ढकललेला असतो, हे मला ठाऊक होतं. पण वीस वर्षं ज्या पेटीवर पोरांना सूर शिकवला, ती खोटी कशी म्हणू?

"गंधार केसभर चढवून आणा," मी म्हणालो. "वाद्य म्हणून लिहितो. पहिला नंबर देतो."

"मास्तर, या गोलात तीस भोकं हायेत. एकतीस पाडले त सूर तुमच्या पेटीच्याई वर जाते. तुमच्यासाठी मले पाव भोक पाडा लागन." तिनं हातोडा आणि सुंबा माझ्यापुढं धरला. "घ्या. पाव भोक पाडून दाखवा."

मी हात पुढं केला नाही. कागद ओढला आणि लिहिलं. ती म्हणाली, "वाचा." सगळ्यांसमोर वाचावं लागलं: चाळणी, घरगुती वस्तू, प्रथम क्रमांक.

"चाळण्या म्या तीस वर्सं केल्या, तवा कोणी नंबर देल्ला नाई," ती म्हणाली. "आता ज्याले नंबर देऊन राह्यले, थे चाळणी नाई." कागद तिथंच टाकून चाक डोक्यावर घेतलं आणि चालू पडली. मागून भाता घेऊन काकी. जाताना मला म्हणाली, "तुया मायच्या गयात हाच सूर होता रे. इसरला?"

पाच दिवस शाळेच्या प्रार्थनेत गंधारावर बोट गेलं की मला माझ्याच पेटीचा राग यायचा. सहाव्या दिवशी भर दुपारी पेटी खांद्यावर घेऊन हुस्नाबीच्या गल्लीत गेलो. ती तुरीची चाळणी ठोकत होती. वर न पाहता म्हणाली, "आधी मोजा."

पहिल्या भोकाला खडूची खूण करून मोजली. तीस.

"अजून एकडाव."

तीस.

मग ती मशीनवर बसली, काकीनं भाता धरला. मी पेटी उघडून मधल्या गंधाराची, सूर देणारी पितळी पात काढली आणि मुळाशी घासली. बसवून दाबली, थरथर मंदावली. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा बसवून दाबली तेव्हा थरथर नव्हतीच. एकच सूर, कुठून येतो ते कळू नये असा. काकी रडायला लागली. माझंही काही वेगळं नव्हतं.

त्या दिवसापासून माझी पेटी एकाच ‘सा’वर नीट बोलते. पोरं म्हणतात, मास्तर, दुसऱ्या पट्टीतून घ्या. मी घेत नाही.

त्याच दुपारी, प्रदर्शनात तिनं टाकलेला कागद मी खिशातून काढला, चाळणी हा शब्द खोडून वाद्य लिहिलं. "नंबर पहिलाच ठेवतो," म्हणालो.

"नंबर नोका. तुमी मोजले, थे लिहा."

तो कागद अजून तिच्या भिंतीवर चाळण्यांच्या शेजारी खिळ्याला आहे. वाद्य. गंधार, भोकं तीस. मोजणार, सेवादास मास्तर.