माझ्या हातचा कागद

सन १९५६. मी अकरा वर्षांचा, तिसरीत. तिसरीच्या पुढे मी शिकलो नाही आणि त्याची मला लाज नाही. अक्षर मात्र आजही असं आहे की कचेरीतला कारकून विचारतो, आजोबा, कुठपर्यंत शिकलात?

जव्हार तालुक्यात, जामसरच्या अलीकडे आमचा पाडा. शाळा कुडाची, वर गवताचं छप्पर, जागा मालकाची. गुरुजींचं बिऱ्हाडही मालकाच्याच ओटीवर. आमची भातशेतीसुद्धा त्याची. आज्याच्या वेळेपासून आम्ही ती कसत होतो. पण लिहायला शिकवावं ते गुरुजींनीच. बोरू स्वतः तासून देत, मनगट धरून वळण गिरवून घेत, एक काना वाकडा गेला तर सगळी ओळ परत. "अक्षर मोत्याचं, डोकं दगडाचं," असं मला म्हणत, आणि मला फक्त मोती ऐकू येत. फळ्यावरच्या शब्दांचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही, आम्हीही नाही. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी. लिहिणं म्हणजे हाताचं काम, टोपली विणण्यासारखं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

भात झोडून झालं होतं. एका दुपारी मालकाचा कारभारी शाळेत आला नि गुरुजींच्या खुर्चीवर बसला. गुरुजी उभे राहिले. ते उभे आणि दुसरं कुणी बसलेलं, हे आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. कुणी हसलं नाही.

सात जणांना थांबवून बाकीच्यांना घरी सोडलं. सातही मालकाच्या कुळांची पोरं, पण हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. गुरुजींनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. त्यांचा खडू दोनदा तुटला. आधी पाटीवर लिहायचं, मग जाड कोऱ्या कागदावर शाईने, आणि खाली आपापल्या बापाचं नाव. कारभाऱ्याने माझा कागद उजेडाला धरून पाहिला, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि गुरुजींना म्हणाला, हा सगळ्यात वर ठेवा.

पाटी न पुसता मी घरी नेली. बा अंगणात कणगी विणत होता. मी चालीवर वाचू लागलो. "सदर जमिनीचा कबजा मी राजीखुशीने मालकास सोडून देत आहे." बाचा हात थांबला.

"परत वाच."

परत वाचलं.

"खाली नाव कोनाचा?"

"तुझा, बा. सगल्यांत चांगला माझाच आला."

बाला अक्षर येत नव्हतं, पण कचेरीतले शब्द त्याच्या कानावरून गेलेले होते. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने सांगितलं की नवा कायदा येतोय, कसेल त्याच्या नावावर जमीन होणार, आणि त्याआधी मालकाला कुळं उठवायची आहेत. जमीन आम्हीच सोडली असा कागद त्याला पाहिजे. तो कुळाच्याच पोराच्या हातचा असला तर मामलेदार शंका घ्यायचा नाही. अंगठा काय, कोणाचाही लावतील. सोमवारी सगळ्यांनी जव्हारला यायचं, असं कारभारी सांगून गेला होता. कशाला, ते बोलला नव्हता.

मग त्याने विचारलं, "पुसता येल का?"

"पाटीवरचा येल."

त्याने तळहाताने पाटी पुसली. कोरी झाली तरी पुसत राहिला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. आईने मला भाकरी वाढली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळी घंटेच्या आधी मी शाळेत गेलो. गुरुजी एकटेच होते. सातही कागद पेटीवर काढून ठेवलेले, माझा वर. मी म्हणालो, माझा एक काना वाकडा झालाय, परत लिहून देतो.

"तुझा काना वाकडा नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनी सातही कागदांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाले, "कारभारी आत्ता न्यायला येईल," आणि माझ्याकडे पाठ करून घंटा द्यायला बाहेर गेले.

मी सातही कागद उचलले आणि कोपऱ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या डेऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. पुडी पाण्यात कालवून केलेली शाई, लगेच सुटली. बाचं नाव मी बोटांनी चोळून काढलं. घंटा थांबली तेव्हा ओढ्यापलीकडून कारभाऱ्याच्या बैलांचे घुंगरू ऐकू आले. मी हात बाहेर काढला नाही.