रशीदभाईंनी दुरुस्त केलेला आकडा

"काका, अब्बा सकाळी गेले..." रशीदभाईंच्या मुलीनं फोनवर एवढंच सांगितलं. दफनाला मी गेलो, पण खांदा द्यायला पुढं झालो नाही. त्याला आता दीड महिना होतोय.

इचलकरंजीजवळच्या एका सांडपाणी प्रकल्पात आम्ही अकरा वर्षं एकत्र काढली. मी टाक्यांवरचा ऑपरेटर, ते प्रयोगशाळेतले केमिस्ट. रोज सकाळी, जिथं पाण्यात हवा सोडतात त्या टाकीतला गाळ बाटलीत आणायचा, गाळायचा, सुकवून वजन करायचं, मग भट्टीत जाळायचा. सेंद्रिय ते जळायचं, बाकीची राख उरायची. वजन किती घटलं त्यावरून पाणी साफ करणारे जिवाणू टाकीत किती आहेत, याचा अंदाज यायचा. "जे जळून गेलं, तेच आपले खरे कामगार, बघ," असं ते मला समजावत.

एका उन्हाळ्यात कुठल्या तरी कारखान्यातून विषारी पाणी आलं आणि तो आकडा निम्म्यावर घसरला. रशीदभाईंनी तीनदा मोजलं. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणी होती. प्रकल्पाचे साहेब म्हणाले, मागच्या आठवड्याचाच आकडा लिहा. रशीदभाई पेन धरून नुसते बसून राहिले. शेवटी मीच म्हणालो, "लिवा की, रशीदभाई. पोरीचं शिक्षण हाय. एका आकड्यानं काय हुतंय?" माझ्याकडं बघत त्यांनी लिहिलं.

चौथ्या दिवशी नदीत मासे उताणे तरंगले. रशीदभाई एकटेच काठावर जाऊन आले, रजिस्टर उघडलं, खोटा आकडा खोडून खरा लिहिला आणि खाली सही केली. महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं. त्याआधी चौकशीत मला विचारलं, खोटा आकडा कुणी लिहायला लावला, तेव्हा मी म्हणालो, "मला काय म्हाईत न्हाय." समोर बसलेल्या रशीदभाईंनी मान खाली घातली... पुढं त्याबद्दल मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

नंतर ते भावाच्या सायकल दुकानात बसत. मागच्या दिवाळीआधी भेटायला गेलो. चहा सांगून त्यांनी हळूच विचारलं, "आकडा किती येतोय रं सदा, आता?"

मी सांगितला.

"मोजत्यात न्हवं रोज?"

"व्हय की."

त्यांचा चेहरा खुलला. खरं तर त्यांना कामावरून काढल्यापासून भट्टी पेटलेलीच नव्हती; आकडा टेबलावर बसूनच भरला जातो. तीच आमची शेवटची भेट.

परवा प्रयोगशाळा उघडली. दाराआड खिळ्याला त्यांचा पांढरा कोट अजून लटकतोय. त्यांचं बघून शिकलो होतो तसा गाळ गाळला, सुकवला, जाळला. आकडा फार वाईट आला. रजिस्टरला हात न लावता चिठ्ठीवर लिहिला, कोटाच्या खिशात ठेवला... आणि बाहेरून कुलूप लावलं.